आंब्याच्या खोडावरचं राखी शैवाक: पिक्सिन की डिरिनारिया?

पारिजात_ठाणे
पाचपाखाडीत आंब्याच्या खोडावर दीडेक मीटर उंचीवर राखी-पांढरं शैवाक (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव) आहे, मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद. सालीला घट्ट चिकटलेलं, वर पिठासारखे ठिपके. पिक्सिन कोकोएस की डिरिनारिया अप्लनाटा, ठरत नाही. जुलैतल्या नमुन्याचा आयटीएस क्रम (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) जेनबँकेत, म्हणजे डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात, ताडला, तर क्लॅडोस्पोरियम ही साधी बुरशी निघाली. कुठे चुकलं?

सालपापुद्रा
डीएनएच्या आधी रसायन बघा, दहा मिनिटांचं काम आहे. कोरडा तुकडा अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली धरा. पिक्सिन कोकोएसच्या वरच्या थरात लायकेझँथोन हे द्रव्य असतं, ते पिवळं झगझगतं; डिरिनारिया अप्लनाटात ते नसतं. ३९५ चा स्वस्त टॉर्च घेऊ नका, त्याच्या जांभळ्या उजेडात पिवळा रंग झाकला जातो.

मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा अगदी बारीक थेंब. डिरिनारिया अ‍ॅट्रानोरिन या द्रव्यामुळे पिवळं होतं, पिक्सिन तसंच राहतं. द्रावण जुनं असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दुबळं झालेलं असतं, आणि डिरिनारियाही ढिम्म राहून फसवतं. थेंब सुट्या तुकड्यावरच टाका, जपायच्या नमुन्यावर नको. शेवटी कडेची पाळी (पानासारखा भाग) सुईने उचलून खालून बघा: पिक्सिनला मुळांसारखे काळे तंतू असतात, डिरिनारियाला नसतात.

कवकजाल
क्लॅडोस्पोरियमचं कोडं सोपं आहे. आयटीएस१एफ आणि आयटीएस४ हे प्रायमर (डीएनएची नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) समोर येईल ती बुरशी उचलतात. पावसाळ्यातला ओला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत एक-दोन दिवस राहिला तरी त्यावर बुरशी चढते आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) तीच बाजी मारते.

आता कोरड्या दिवसांत नमुना घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली साल आणि काळे डाग टाळून पाळ्यांची स्वच्छ टोकं निवडा, ५ ते १० मिलिग्रॅम पुरे. ती तासभर अ‍ॅसिटोनमध्ये ठेवा आणि पूर्ण वाळवा, म्हणजे पीसीआर अडवणारी शैवाकाम्लं बरीच निघून जातात. ते अ‍ॅसिटोन फेकू नका, टीएलसीच्या (मिसळलेली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीच्या) पट्टीवर लावा: डायव्हेरिकॅटिक आम्ल दिसलं तर अप्लनाटा संभवतं, सेकिकाइक दिसलं तर डिरिनारिया कन्सिमिलिस तपासा. पीसीआरनंतर जेलवर डीएनएचा पट्टा उमटला नाही तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. आयटीएसच्या जोडीला माइटोकाँड्रियल एसएसयू हा दुसरा डीएनए-तुकडाही काढा. जेनबँकेतलं पहिलं नाव डोळे मिटून घेऊ नका, तिथेही चुकीची नावं लागलेले क्रम आहेत.

पारिजात_ठाणे
आभारी आहे. नमुना जपायचा कसा? येऊरमधूनही घेता येईल का?

सालपापुद्रा
येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन विभागाची लेखी परवानगी नसेल तर पडलेली फांदीसुद्धा उचलू नका.

जपण्यासाठी सालीसकट पातळ काप काढा, कागदी पाकिटात सावलीत वाळवा, मग उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा, नाहीतर कीड पोखरते. पाकिटावर झाड, उंची, खोडाची दिशा, अक्षांश-रेखांश, तारीख, संकलन क्रमांक लिहा. हाच क्रमांक डीएनएच्या नळीवर आणि टीएलसीच्या पट्टीवरही हवा. तो नसेल तर क्रम कुठल्या शैवाकाचा होता हे पुढे कुणालाच पडताळता येत नाही. नमुन्याचा दुसरा भाग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर बुरशी-संग्रहात देता येईल का, ते आधी पत्राने विचारा.