जिनिंगमधले जुने वॉकीटॉकी: दुरुस्त करू की बदलू?

सरकीवाला
राम राम. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगात (कापसातून सरकी काढायचा कारखाना) काट्यावर असतो. काटा, गेट आणि गंजीवरच्या पोरांसाठी व्हीएचएफ पट्ट्याचे सहा जुने वॉकीटॉकी सेट आहेत. परवाना जिनिंगच्या नावावर, चालू आहे. सीतादही (कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली, आठ दिवसांत कापसाच्या गाड्या लागतील. तीन सेट दहा मिनिटांत मान टाकतात, एकाचा आवाज पोत्यातून आल्यासारखा, एकाचं बोलणं गेटपर्यंतही पोचत नाही. शेठ म्हणतात भंगारात काढ, ऑनलाइन स्वस्तात मिळतात. काय करू?

धुऱ्यावरचा
भंगारात नको राजेहो. तसा दणकट सेट आता स्वस्तात येत नाही.

वायरमन_वर्धा
भाऊ, आधी बॅटरी पाहा. हंगाम संपला की सेट पावसाळाभर कपाटात पडून राहतात ना? निकेल-कॅडमियमचे पॅक तिथंच मरतात. नुसता मीटर लावून फसू नका, मेलेला पॅकही 7.2 व्होल्ट दाखवतो. चार्ज करून 5 ओहमचा जाड रेझिस्टर दहा सेकंद लावा आणि तेव्हा मोजा. पाच वॅटचा सेट बोलताना साधारण तेवढाच भार टाकतो. 6 च्या खाली गेला तर आतले सहा सेल बदला, निकेल-मेटल हायड्राइडचे चालतील, फक्त चार्जरवर तसं लिहिलेलं आहे का पाहा. जोड स्पॉट वेल्डचाच हवा, सेलवर थेट सोल्डर नको.

कोणी म्हणेल लिथियमचे दोन सेल टाका, 7.4 होतात. जुन्या चार्जरवर ते कदापि लावू नका, त्यात तुमच्या आवारात रुई उडते. चार्जिंग गंजीपासून लांब, ऑफिसातच.

पोत्यातला आवाज म्हणजे बहुतेक माइकच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत रुई. मऊ ब्रश घ्या. टाचणी खुपसू नका, काँप्रेसरची हवाही नको, तंतू आत जातात.

माळावरचा_हॅम
न पोचणाऱ्या सेटला चांगल्या सेटची अँटेना लावून पाहा. पोरं अँटेना धरून सेट लटकवत नेतात, ती बुडाशी आतून तुटते. अँटेना काढून बटण मात्र दाबू नका, ट्रान्समीटर जाईल.

बोंडअळी
शेड टिनाचे आहे, यूएचएफ (व्हीएचएफपेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीचे) सेट घ्या, आत चांगलं चालतं.

माळावरचा_हॅम
चालतं, पण परवान्यावर फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते. मनाने बदलता येत नाही. विनापरवाना पट्टा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, त्यातही सेटला ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या उपकरणाची सरकारी मंजुरी लागते. ऑनलाइनचे कित्येक सेट यात बसत नाहीत, म्हणून तर 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांच्या विक्रीवर नियमावली काढावी लागली. शेठना हे वाचून दाखवा.

सरकीवाला
दाखवलं, शेठ गप्प. जाळीतून चिमूटभर रुई निघाली, आवाज मोकळा. अँटेनाच तुटली होती. दोन पॅक रेझिस्टरवर 5.4 ला आले. तिसरा 6.9 वर टिकला, त्याच्या पत्र्या काळ्या होत्या, खोडरबराने घासल्या. सोमवारी दोन पॅक आणि अँटेना घेऊन नागपूर, बर्डीवर विचारतो. पुढच्या पावसाळ्यात ठेवू कसे?

वायरमन_वर्धा
पॅक सेटमधून काढून, कोरड्या डब्यात. दर महिन्याला एकदा चार्ज. पोळ्याला आठवण आली तर उशीर झालेला असेल.