मदत हवी आहे: इंटरनेटवरच्या फोनमध्ये चक्क रेडिओ ऐकू येतोय

मंडळी, प्रॉब्लेम जरा विचित्र आहे, वाचून हसू येईल, पण आमच्याकडे आता कोणी हसत नाहीये. घरची जुनी लँडलाइन बंद करून दोनेक महिने झाले, नंबर तोच ठेवून इंटरनेटवर चालणारा फोन घेतलाय, म्हणजे राऊटरला एक छोटा डबा (एटीए) जोडलाय, त्या डब्यातून फोनची वायर निघून भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये जाते आणि तिथून घरातल्या तिन्ही पॉइंटना. आणि रिसीव्हर उचलला की मागे रेडिओ लागलेला. नुसती खरखर नाही हो, एक बाई बातम्या वाचते, मग गाणं, मग जाहिरात. परवा बाबा डॉक्टरांना विचारत होते गोळी जेवणाआधी की नंतर, तेवढ्यात मागून हवामानाचा अंदाज सुरू झाला, बाबांना आधीच ऐकू कमी येतं, त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, "पाऊस कशाला थांबायला हवा?"

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. कंपनीला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा राऊटर बंद करून चालू करायला लावला. डब्याचा पॉवर अडॅप्टर बदलला, राऊटरची जागा बदलली, फरक शून्य. दिवसा एकच स्टेशन असतं, रात्री त्यात दुसरं काहीतरी मिसळतं, त्याची भाषासुद्धा कळत नाही. समोरच्यालाही ऐकू जातं पण बारीक. गंमत म्हणजे तेच अकाउंट मोबाइलवर ॲपमध्ये टाकून घरच्याच वायफायवरून बोललं की आवाज एकदम स्वच्छ.

माझं डोकं इथेच अडलंय. हे सगळं डिजिटल आहे ना, आवाजाचे आकडे होऊन जातात, मग त्यात रेडिओ शिरतो कुठून? आणि घालवायचा कसा?

प्रतिसाद (उंटावरचा शहाणा):
वायफायचा चॅनल बदलून बघा, नाहीतर सरळ 5 गिगाहर्ट्झवर टाका. शेजाऱ्यांच्या राऊटरमुळे होतं असं.

धागाकर्ती:
केलं, दोन्ही केलं. बाई बातम्या वाचतच आहे.

प्रतिसाद (तारमास्तर):
वायफायला हात लावू नका, त्याचा काही संबंध नाही. डिजिटल बाजूला गडबड असती तर आवाज तुटला असता, रोबोसारखा झाला असता, मध्येच गायब झाला असता, पण गाणं ऐकू आलं नसतं. ॲपवर स्वच्छ येतंय म्हणजे इंटरनेट निर्दोष, हे तुम्हीच सिद्ध केलंय. फोन डिजिटल आहे तो फक्त डब्यापर्यंत, डब्यातून बाहेर पडणारी तांब्याची जोडी म्हणजे आजोबांच्या काळातलीच लाइन, त्यावर आवाज ॲनालॉगच जातो. रेडिओ तिथे शिरतो आणि मग तुमचा डबा इमानदारीने त्याचे पण आकडे करून पलीकडे पाठवतो, म्हणून समोरच्यालाही ऐकू जातं.

हे मीडियम वेव्हचं एएम स्टेशन असणार, 531 ते 1602 किलोहर्ट्झ पट्ट्यातलं. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो, त्यामुळे डायोडसारखं (म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारं) वागणारं काहीही वाटेत आलं, फोनमधला ॲम्प्लिफायर म्हणा किंवा गंजलेला जॉइंट, की आवाज आपोआप सुटा होतो. पूर्वी लोक गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर तार टेकवून बिनबॅटरीचा रेडिओ करायचेच की, तुमच्या घरात तोच झालाय, फक्त कुणी मुद्दाम केला नाही. रात्रीची परकी भाषासुद्धा हेच सांगते. दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा डी थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं वरून परावर्तित होऊन येतात.

आता एक काम करा. डब्यातून भिंतीत जाणारी वायर काढा, आणि हातभर वायरने एकच फोन थेट डब्याला लावा. रेडिओ गेला तर चोर भिंतीत आहे, नाही गेला तर फोनमध्ये किंवा डब्यात. आणि मुख्य म्हणजे, जुनी लाइन बंद केली तेव्हा बाहेरून येणारी वायर घरातल्या वायरिंगपासून सोडवली होती का? नसेल तर रेडिओचं राहू द्या बाजूला, उद्या पलीकडून कुणी ती लाइन चुकून चालू केली तर तिकडचे 48 व्होल्ट आणि रिंगचे त्याहून जास्त तुमच्या डब्यात घुसतील आणि डबा जळेल.

धागाकर्ती:
तारमास्तर, सोडवायची असते हेच माहीत नव्हतं! बसवायला आलेला मुलगा सॉकेटमध्ये वायर खुपसून "झालं मॅडम" म्हणून गेला.

टेस्ट केली. थेट डब्याला लावल्यावर कॉर्डलेस फोन एकदम गप्प, बाबांच्या वायरवाल्या फोनवर मात्र अगदी बारीक, कान देऊन ऐकलं तरच. भिंतीत परत लावलं की बाई हजर. मग बाहेरच्या भिंतीवरची पेटी उघडली. आत कोळ्याचं जाळं, स्क्रूंवर हिरवं किटण चढलेलं, आणि घरातली जोडी ज्या दोन स्क्रूंखाली आहे त्याच स्क्रूंखाली बाहेरून आलेली जुनी जोडी. त्यातली एक तार मुळाशी तुटून नुसती लोंबत होती, दुसरी अजून घट्ट. ती वायर भिंतीवरून गच्चीकडे आणि तिथून खांबापर्यंत जाते, चाळीसेक मीटर तरी असेल. हेच का?

प्रतिसाद (तारमास्तर):
अहो हेच! दोन्ही तारा जोडलेल्या असत्या तरी एकवेळ बरं होतं. तारांना पीळ घालतात तो कशासाठी, तर दोघींवर रेडिओ सारखाच बसावा, फोन दोघींमधला फरक तेवढा ऐकतो, सारखं असेल ते आपसात कटतं. तुमच्याकडे एका तारेला चाळीस मीटरचं शेपूट आणि दुसरी मोकळी, समतोल राहणार कसा? आणि ते शेपूट एरियल म्हणून झकास आहे. 1000 किलोहर्ट्झची लहर 300 मीटरची असते, तिच्यापुढे हातभर वायर म्हणजे काहीच नाही, पण चाळीस मीटर म्हणजे बरंच काही.

एटीए बंद करून मीटरने आधी व्होल्टेज बघा. शून्य असेल तर बाहेरची तार सोडवा, टोकाला टेप लावून वेगळी ठेवा. शून्य नसेल तर हात न लावता कंपनीचा माणूस बोलवा. पेटीत अर्थिंगची तार असेल तर तिला हात लावायचा नाही, ती विजेसाठी असते. किटण चढलेली टोकं कापून नवीन तांबं सोला.

प्रतिसाद (दुसरंच कोणीतरी):
धागा हायजॅक करत नाही, पण माझं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येतं आणि अंधार पडला की स्पीड पडतो, हेच कारण असू शकतं का? रेडिओ अडवायला लाइनवर कपॅसिटर टाकू का?

प्रतिसाद (तारमास्तर):
कपॅसिटर अजिबात टाकू नका, रेडिओबरोबर इंटरनेटही जाईल. एडीएसएल2+, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, साधारण 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जातं, म्हणजे अख्खा मीडियम वेव्ह त्याच्या पोटात आहे. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती बिट जातात त्याचा ग्राफ दिसतो का बघा, रात्री एकाच जागी खड्डे पडत असतील तर त्या फ्रिक्वेन्सीवर स्टेशन बसलंय. मूळ उपाय जॉइंट तपासणं हाच. बाकीचं नवीन धाग्यात विचारा.

धागाकर्ती:
मीटरवर शून्य आलं, बाहेरची तार सोडवली, टोकं कापली. पेटी बंद करायच्या आधीच आतून आई ओरडली, "गेली गं बाई!" खरंच गेली, तिन्ही पॉइंटवर गेली. वायरवाल्या फोनवर ते बारीक मात्र आहे अजून. जुन्या लॅपटॉपच्या केबलवरचा काळा फेराइट (रेडिओ लहरी अडवणारा तो जाड तुकडा) काढून फोनच्या वायरवर चढवला, काही झालं नाही.

प्रतिसाद (तारमास्तर):
वायर एकदाच आरपार गेली तर या फ्रिक्वेन्सीला त्याचा उपयोग नसल्यातच जमा. वेढे घालावे लागतात, आणि परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आठ वेढे घातले की चौसष्ट पट. फेराइटचीच मोठ्या भोकाची रिंग घ्या, 31 नंबरच्या मटेरियलची मिळाली तर उत्तम, आणि वायर फोनच्या अगदी जवळ गुंडाळा. रिसीव्हरची स्प्रिंगवाली दोरी पण एरियलच आहे, तिच्यावरही एक लागेल. ब्रॉडबँडचा फिल्टर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी ती छोटी डबी) अडगळीत पडला असेल तर तोही फोनच्या आधी लावून बघा, कधी चालतो कधी नाही.

धागाकर्ती:
रिंग मिळाली, लाइनच्या वायरचे नऊ वेढे बसले. स्प्रिंगची दोरी काही केल्या गुंडाळली जाईना, म्हणून सरळ सपाट दोरी आणून तिचे सहा घातले, दिसतं भयंकर, फोनला गलगंड झाल्यासारखं. दिवसा आता काहीच नाही. रात्री दहानंतर ती परकी भाषा अगदी पुसट येते, तीही समोरचा गप्प असेल तेव्हाच. कॉर्डलेस द्यायचा म्हटलं तर बाबा ऐकत नाहीत, या फोनची बटणं मोठी आहेत म्हणतात. तेव्हा फिल्टर लावून बघते रविवारी आणि इथेच लिहिते, ॲडमिन, धागा तोपर्यंत बंद करू नका.