मदत हवी आहे: 1997 च्या मारुती 800 साठी कोणतं पेट्रोल?

गाडी कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग), 796 सीसी. इंजिन मूळचंच. राहायला पुण्यात. आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर फिरते, पावसाळ्यात मात्र दोन-तीन आठवडे जागेवरच उभी असते. बाबांनी घेतलेली गाडी आहे, त्यामुळे विकायचा सल्ला कृपया नको.

त्रास असा: सकाळी थंड असताना चोक ओढूनही चार-पाच सेल्फ मारावे लागतात आणि सिग्नलला आयडलिंग पडतं. मागच्या महिन्यात पेट्रोलची रबरी नळी काढली तर ती फुगून चिकट झालेली, बोटांना काळं लागत होतं. कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये तळाशी पाण्याचे थेंबही दिसले.

आतापर्यंत प्लग, पॉइंट, एअर फिल्टर बदललं, कार्ब्युरेटर साफ केला, टायमिंग तपासलं. पेट्रोल भरायचा पंपही बदलून पाहिला. एक्सपी 95 (इंडियन ऑइलचं 95 ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल) दोनदा भरलं, काही फरक नाही. इंजिन ठोकत नाही, म्हणजे जास्त ऑक्टेनची (ठोकणं रोखायची पेट्रोलची क्षमता) गरज नसावी. माझा संशय पेट्रोलमध्ये मिसळलेल्या 20 टक्के इथेनॉलवर आहे, कारण ते जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढतं. त्याच कंपनीच्या 100 ऑक्टेनच्या एक्सपी 100 मध्ये इथेनॉल नसतं असं कंपनी सांगते, पण ते मोजक्याच पंपांवर मिळतं आणि लिटरला दीडशेच्या वर जातं. दर वेळी परवडणार नाही.

ज्यांच्याकडे कार्ब्युरेटरची 800 आजही चालू आहे त्यांनी सांगा: साधं पेट्रोल ठेवून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, डायफ्रॅम (रबरी पडदा) आणि मोठा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) टाकला तर पुरतं का? की फक्त पावसाळ्यात उभी करण्याआधी टाकी एक्सपी 100 ने भरून ठेवावी?