अलिबागची सहल : तिथी पाहून रविवार ठरवावा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. फेब्रुवारीतील एका रविवारी सोसायटीतर्फे अलिबागला एक दिवसाची सहल काढावी, असे मागील बैठकीत ठरले आहे. सकाळी गेटवेवरून लाँचने मांडवा, तेथून लाँचच्या तिकिटातच समाविष्ट असलेल्या बसने अलिबाग आणि संध्याकाळी त्याच मार्गाने परत, अशी ढोबळ आखणी आहे. रविवार कोणता घ्यावा आणि दिवसभरात काय पाहावे, याबद्दल आज रात्रीपर्यंत कळवावे.

ए-५०२ : नमस्कार. एवढे जातच आहोत, तर मांडव्याहून मिनीबस करून कोर्लई, काशीद आणि मुरूडचा जंजिराही उरकता येईल. मुलांना दोन जलदुर्ग एकाच दिवशी पाहायला मिळतील.

बी-३०१ : दादा, जंजिरा मुलांना दाखवायलाच हवा, पण या सहलीत नको. अलिबागपासून मुरूड आणखी सुमारे ५० किलोमीटर आहे. रस्ता वळणांचा आणि रविवारी गर्दीचा, त्यावर राजपुरीला जंजिऱ्याच्या होडीची रांग. म्हणजे निम्मा दिवस बसच्या खिडकीतच जाईल. माझे माहेर अलिबागचे असल्यामुळे आग्रहाने सांगते, की अलिबागचा दिवस घड्याळावर नव्हे, ओहोटीवर बेतावा लागतो. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तर समुद्राने वाट द्यावी लागते आणि ती वाट काही तासच मोकळी असते.

आमच्याकडे कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणून चाराने भागले, की भरतीची साधारण वेळ येते आणि तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास, म्हणजे वेळ सोयीची दिसते. परंतु ते दिवस भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे असतात, पाणी फारसे मागे सरत नाही आणि वाटेत ते गुडघ्याला लागू शकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची ओहोटी उत्तम असते, पण ती पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, जी आपल्या लाँचच्या वेळांशी जुळत नाही. म्हणून दशमी ते त्रयोदशी यांमधला रविवार निवडावा. द्वादशीला सकाळी नवाच्या सुमारास भरती, तर दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी असते. दोन वाजता निघून चारच्या आत काठावर परत आलो, तर ज्येष्ठांनाही धावपळ होणार नाही. हा हिशेब अंदाजाचा आहे. नेमकी वेळ आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून किनाऱ्यावरच्या लोकांनाही विचारावी. पाणी चढू लागले असे त्यांनी सांगितले, की फोटोसाठी एक मिनिटही थांबायचे नाही, एवढे सर्वांनी आधीच मान्य करावे.

सी-१०३ : ताई, माझ्या गुडघ्यांना ओल्या वाळूतून आणि दगडांतून चालणे जमेल असे वाटत नाही. माझ्यासारख्यांनी किनाऱ्यावरच बसावे का?

बी-३०१ : मुळीच नाही, काकू. किनाऱ्यावर घोडागाड्या असतात, त्या ओल्या वाळूतून किल्ल्याच्या दारापर्यंत नेतात. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले. शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारही बाजूंना खारे पाणी असताना हे पाणी गोडे कसे, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तरेकडील तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या, इंग्लंडमध्ये ओतलेल्या दोन तोफा आहेत. मात्र मला सर्वांना दाखवायची आहे ती तटाची भिंत. प्रचंड चिरे चुना न वापरता नुसते एकावर एक रचले आहेत आणि त्यांच्या फटींत बोटे सहज जातात. लाट आदळली, की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये हे काम हाती घेतले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७२१ मध्ये, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना कुलाबा घेता आला नाही. कान्होजींची समाधी गावातच आहे. सकाळी पोहोचल्यावर पहिल्यांदा तिथे जावे, असे मला मनापासून वाटते.

ए-५०२ : ताई, पटले. जंजिऱ्याचा प्रस्ताव मागे घेतो. मुलांसाठी एक भर घालतो. गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांमुळे मुंबईतील कुलाबा भागातल्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतील, म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला आणले गेले आणि बांधकामात लोखंड टाळून चुंबकीय गुण नसलेला दगड वापरला गेला. पूर्वपरवानगीशिवाय आत जाता येणार नाही. तरी बाहेरून दाखवून ही हकीकत मुलांना सांगता येईल.

बी-२०४ : जेवणासाठी मोठे हॉटेल न धरता घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावे. तांदळाची भाकरी, तळलेला बोंबील किंवा सुरमई आणि सोलकढी. शाकाहारी मंडळींना वालाचे बिरडे आणि उकडीचे मोदक. बाराला पाने मांडली, तर किल्ल्याकडे निघण्याआधी तासभर सावलीत विसावता येईल. वालाचा हंगाम असेल तर पोपटीचीही चौकशी करावी. पोपटीसाठी भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा रचून मडके उपडे घालून भाजतात. मडके उघडल्यावर जो वास सुटतो, तो मुंबईत कुठेही मिळणार नाही. येताना पांढऱ्या कांद्याच्या माळा जरूर घ्याव्यात, मात्र कांदा अलिबागचाच असल्याची विक्रेत्याकडे खात्री करून घ्यावी. त्याला भौगोलिक मानांकन असल्यामुळे त्या नावाने दुसराही माल खपवला जातो. खरा कांदा चवीला गोडसर असतो.

सी-१०३ : एक विनंती माझीही. लाँचमागून कुरव (सीगल) पक्षी येतात, तेव्हा लोक त्यांना शेव-गाठी भिरकावतात. दूरदेशाहून हिवाळ्यापुरत्या आलेल्या या पक्ष्यांना तळलेले, खारट खाणे घालू नये. मुलांना हे घरीच समजावून सांगावे, ते नुसते पाहण्यातही रमतील.

सचिव : सर्वांचे आभार. पंचांगात पाहिले असता एका रविवारी द्वादशी आणि पुढील पंधरवड्यातील रविवारी एकादशी येत आहे. एकादशीला अनेकांचा उपवास असल्याने द्वादशीचा रविवार निश्चित करत आहे. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एक आणि परतीची संध्याकाळची, पण शेवटची नव्हे, अशी तिकिटे काढू. शेवटच्या लाँचवर विसंबणे मला योग्य वाटत नाही. घोडागाडी कोणाला लागेल आणि जेवण शाकाहारी की मांसाहारी, हे प्रत्येक घराने शुक्रवारपर्यंत कळवावे. खानावळीशी बी-२०४ बोलतील आणि आदल्या दिवशी ओहोटीची वेळ तपासण्याचे काम बी-३०१ यांच्याकडे राहील.