कीपरचा हात बॉलला आधी लागला, तरी पेनल्टी? आणि कार्ड पिवळंच का?

राजवाडा_९
रविवारी चिमणबागच्या फुटबॉल मॅचमधला प्रसंग. १-१, शेवटची पाच-सात मिनिटं. थ्रू बॉलवर (बचावपटूंच्या मागे दिलेल्या पासवर) स्ट्रायकर एकटा सुटला. कीपर धावत येऊन आडवा पडला. बोटं बॉलला लागली, बॉल फूटभर उजवीकडे सरकला आणि त्याच झेपेत कीपरच्या खांद्याने स्ट्रायकरचा टेकलेला पाय उडवला. रेफरीने पेनल्टी दिली, पिवळं कार्ड दाखवलं. एक गट म्हणतो, बॉल आधी लागला म्हणजे फाउलच नाही. दुसरा म्हणतो, शेवटचा माणूस होता, लालच हवं. जाणकारांनी सांगावं.

शिट्टी_आणि_नाणं
दोन्ही गट चुकले. ‘बॉल आधी लागला की फाउल नाही’ असं फुटबॉलच्या नियम १२ मध्ये, म्हणजे फाउल आणि कार्डांच्या नियमात, कुठेही लिहिलेलं नाही. रेफरी बघतो तो आव्हानाचा प्रकार: निष्काळजी असेल तर फाउल, बेपर्वा असेल तर पिवळं, गरजेपेक्षा जास्त जोर लावला तर लाल. बॉल कीपरच्या कवेत आला असता किंवा दूर गेला असता, तर नंतरची टक्कर सोडून देता आली असती. इथे बॉल फूटभरच हलला, स्ट्रायकर पुढच्या पावलात त्याच्यापाशी होता. ते पाऊलच पडू दिलं नाही. फाउल पक्का.

‘शेवटचा माणूस’ हाही प्रेक्षकांचा शब्द. उघड गोलची संधी हिरावली का, हे चार गोष्टींवरून ठरतं: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची शक्यता, आणि बचावपटू किती व कुठे. ते सगळं जुळलं तरी, बॉक्सच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) आत, बॉल खेळायच्या प्रामाणिक प्रयत्नात फाउल झाला तर पेनल्टी आणि पिवळं. २०१६ च्या आधी तिथेही लालच मिळायचं. पेनल्टी, लाल आणि पुढच्या मॅचची बंदी, असा तिहेरी मार बसायचा. ओढणं, ढकलणं, शर्ट धरणं याला मात्र आजही सवलत नाही.

डावा_विंगर
पण भाऊ, टक्कर रेघेच्या बाहेर झाली होती! स्ट्रायकर आत जाऊन पडला इतकंच. पेनल्टी कसली? फ्री किक द्यायला हवी होती.

शिट्टी_आणि_नाणं
पडला कुठे ते बघायचंच नाही, पाय कुठे उडवला ते बघायचं. रेघ बॉक्सचाच भाग आहे, रेघेवरचा फाउल आतला. अपवाद एकच: धरून ठेवणं बाहेर सुरू होऊन आत चालू राहिलं, तर पेनल्टी.

आणि नीट विचार करा: टक्कर खरंच बाहेर असेल, तर पिवळ्याची ती सवलत संपली. डायरेक्ट फ्री किक आणि थेट लाल. म्हणजे कीपरच्या बाजूने ‘बाहेर होतं’ म्हणून ओरडणारे स्वतःच्या कीपरला बाहेर काढायला सांगत होते. २००६ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला पॅरिसमध्ये आर्सेनलच्या लेहमानला १८ व्या मिनिटाला असंच लाल मिळालं, बार्सिलोनाच्या इटोला बॉक्सच्या बाहेर पाडल्याबद्दल. सुटलेला बॉल इटोच्याच संघाच्या जूलीने गोलमध्ये मारलाही होता, पण शिट्टी आधी वाजली होती. दुसरा कीपर आणायला आर्सेनलला पिरेसला बाहेर काढावं लागलं. माझ्या मते तिथे अॅडव्हान्टेज द्यायला, म्हणजे शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवायला हवा होता. गोल मिळाला असता, आणि कार्ड पिवळ्यावर थांबलं असतं.

राजवाडा_९
समजलं. बॉल उजवीकडे सरकला, मग दिशेचा मुद्दा पडत नाही का?

शिट्टी_आणि_नाणं
फूटभराने नाही पडत. कॉर्नर फ्लॅगकडे पळाला असता तर ती फक्त आशादायक चाल राहिली असती: बाहेर पिवळं, आत बॉल खेळायचा प्रयत्न असेल तर पेनल्टी पण कार्ड नाही.

मैदान_मापणारा
या वादाचं अर्धं मूळ फक्कीत आहे. दुसऱ्या हाफपर्यंत बॉक्सची रेघ बुटांनी पसरून हातभर रुंद होते, आणि नियमात ती जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर आहे. मोजताना टेप गोलपोस्टच्या आतल्या कडेपासून धरा, बाजूला १६.५ मीटर आणि मैदानात १६.५ मीटर. बॉक्सच्या पुढची अर्धगोल कमान बॉक्समध्ये धरू नका. ती पेनल्टीच्या वेळी ९.१५ मीटर अंतर राखण्यापुरती आहे. हाफ टाइमला दोरी ताणून समोरची रेघ पुन्हा मारून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.