मदत हवी आहे: ओळींच्या शेवटी पॅडिंग असलेल्या बफरवर द्विमितीय व्ह्यू सुरक्षितपणे कसा बांधावा?

नमस्कार मंडळी,

सुट्या भागांची तपासणी करणाऱ्या एका कॅमेऱ्याकडून येणाऱ्या फ्रेम मी पायथनमध्ये, नमपाय या आकड्यांच्या ॲरेंवर (तक्त्यांवर) काम करणाऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने हाताळत आहे. फ्रेम 8-बिट ग्रेस्केल आहे. रुंदी 1000 पिक्सेल आणि उंची 750 ओळी. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर मला मेमरीतील एक पत्ता आणि बफरची, म्हणजे फ्रेमचे बाइट ठेवलेल्या मेमरीच्या पट्ट्याची, लांबी देतो. प्रत्येक ओळ 64 बाइटच्या सीमेवर सुरू व्हावी म्हणून ड्रायव्हर प्रत्येक ओळीच्या शेवटी 24 बाइटचे पॅडिंग, म्हणजे चित्राचा भाग नसलेली भर, ठेवतो, त्यामुळे एका ओळीच्या आरंभापासून पुढच्या ओळीच्या आरंभापर्यंतचे अंतर, म्हणजे स्ट्राइड, 1024 बाइट आहे.

स्ट्राइड विचारात न घेता बफर 750 गुणिले 1000 असा वाचला, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा 24 पिक्सेल उजवीकडे सरकते आणि चित्र तिरके दिसते. चाचणीसाठी ठेवलेल्या बीएमपी फाइलींमध्ये हे दिसत नाही, कारण त्या स्वरूपात ओळ 4 च्या पटीत पूर्ण करतात आणि 1000 ला 4 ने नि:शेष भाग जातो.

तेव्हा 750 गुणिले 1024 असा रीशेप करून, म्हणजे बफरला तो आकार देऊन, डावीकडचे 1000 स्तंभ घ्यावेत, हा सरळ मार्ग वाटतो. परंतु ड्रायव्हर शेवटच्या ओळीनंतरचे पॅडिंग देतच नाही. बफरची लांबी 7,67,976 बाइट येते आणि रीशेपला 7,68,000 बाइट लागतात, म्हणून नमपाय त्रुटी देऊन थांबते. आकार व स्ट्राइड थेट सांगू देणारे नमपायचे ‘ॲज_स्ट्रायडेड’ हे फंक्शन वापरल्यास चित्र अचूक येते, पण त्या फंक्शनच्या दस्तऐवजात ते अत्यंत काळजीपूर्वक वापरावे असा इशारा आहे आणि तो मला गांभीर्याने घ्यावासा वाटतो.

माझ्यापुढे तीन शंका आहेत. संपूर्ण फ्रेमची प्रत न करता, तरीही बफरच्या मर्यादा तपासून घेणारा व्ह्यू (स्वतःचा डेटा न ठेवता त्याच मेमरीकडे पाहणारा ॲरे) बांधता येतो का? चित्राच्या एखाद्या भागाचा हिस्टोग्राम (कोणत्या छटेचे किती पिक्सेल याची मोजणी) काढण्यासाठी मी तो भाग सपाट, म्हणजे एकमितीय, करतो, तेव्हा नकळत प्रत होते का? आणि ड्रायव्हरने तोच बफर पुढच्या फ्रेमसाठी वापरला, तर माझ्या हातातील व्ह्यूचे काय होते? तिसऱ्या शंकेचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तिथे त्रुटीचा संदेश न येता चुकीचा निकाल मिळण्याची भीती आहे.

प्रतिसाद:

आपली मांडणी स्पष्ट आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. द्विमितीय व्ह्यू म्हणजे आरंभस्थान, ओळी, स्तंभ आणि स्ट्राइड हे चार आकडे. एका बाइटच्या पिक्सेलसाठी तो सुरक्षित असण्याची अट अशी: आरंभस्थान, अधिक एकने कमी केलेल्या ओळी गुणिले स्ट्राइड, अधिक स्तंभ, ही बेरीज बफरच्या लांबीपेक्षा जास्त नसावी. आपल्या बाबतीत 749 गुणिले 1024 अधिक 1000, म्हणजे नेमके 7,67,976. बफर पुरेसा आहे. फक्त रीशेपला हे सांगण्याची सोय नाही.

‘ॲज_स्ट्रायडेड’ ही अट तपासत नाही. त्याऐवजी पत्ता आणि लांबी यांवरून सीटाइप्सचा (पायथनमधून सी भाषेतील डेटा हाताळणाऱ्या मॉड्यूलचा) ॲरे तयार करावा आणि ‘एनडीॲरे’ या नमपायच्या ॲरे प्रकाराच्या कन्स्ट्रक्टरला तो बफर म्हणून देऊन आकार व स्ट्राइड सांगावेत. आकडे बफरबाहेर जात असतील, तर कन्स्ट्रक्टर तिथेच त्रुटी देतो. मात्र ही तपासणी आपण दिलेल्या लांबीवर अवलंबून असते, म्हणून लांबी गुणाकाराने काढू नये, ड्रायव्हरकडून आलेलीच वापरावी. व्ह्यूवर लिहिण्यास मनाई करून ठेवणेही इष्ट.

दुसऱ्या शंकेचे उत्तर: होय, प्रत होते. ओळी 200 ते 399 आणि स्तंभ 300 ते 699 घेतल्यास मिळणारा तुकडा हा व्ह्यूच असतो. त्याचा आरंभ 2,05,100 व्या बाइटवर आणि स्ट्राइड पूर्वीचाच 1024. पण तो सलग नसल्याने एकाच स्ट्राइडने सपाट करता येत नाही, आणि रीशेप काही न सांगता प्रत करून देतो. नमपाय 2.1 पासून रीशेपला ‘कॉपी’ हा पर्याय असत्य देता येतो. मग प्रत अटळ असेल तिथे त्रुटी मिळते. तरीही हिस्टोग्रामसाठी आपण नमपायचे मोजणीचे फंक्शन ‘बिनकाउंट’ वापरत असाल, तर ते फंक्शन 8-बिट आकडे आतल्या आत मोठ्या पूर्णांकांत बदलून घेते, म्हणून त्या ठिकाणी प्रत टाळण्याचा आग्रह धरण्यात माझ्या मते अर्थ नाही.

तिसरी शंका रास्त आहे. सीटाइप्सच्या ॲरेकडे फक्त पत्ता असतो, मेमरीची मालकी नसते. पायथनच्या स्वतःच्या बाइटॲरेवर व्ह्यू असताना त्याचा आकार बदलू पाहिल्यास पायथन अडवते, पण ड्रायव्हरची मेमरी पायथनच्या नियंत्रणाबाहेर आहे. बफर परत केल्यावर त्याच व्ह्यूत पुढची फ्रेम दिसू लागेल, किंवा मेमरी मुक्त झालेली असल्यास प्रोग्राम कोसळेल. यासाठी हवा तो तुकडा बफर परत करण्यापूर्वी ‘कॉपी’ने स्वतःकडे घ्यावा. वरील उदाहरणात ते फक्त 80,000 बाइट होतात.

प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. कन्स्ट्रक्टरने व्ह्यू बांधला आणि चित्र सरळ आले. उंची मुद्दाम 751 दिली असता अपेक्षेप्रमाणे त्रुटीही मिळाली. हाच भाग पुढे सी++ मध्ये न्यायचा आहे. तिथे ‘एमडीस्पॅन’ हा बहुमितीय व्ह्यूचा प्रकार अशी तपासणी करतो का?

प्रतिसाद:

नाही. सी++23 मधील ‘एमडीस्पॅन’ पॉइंटर घेतो, बफरची लांबी त्याला कळतच नाही. आपण ‘लेआउट_स्ट्राइड’चे मॅपिंग (आकार व स्ट्राइड यांची मांडणी) आधी तयार करावे आणि त्याचे ‘रिक्वायर्ड_स्पॅन_साइज’, म्हणजे त्या मांडणीला लागणारी लांबी, विचारावे. ते शेवटच्या ओळीचे पॅडिंग धरत नाही, म्हणून उत्तर 7,67,976 च येईल. ड्रायव्हरने दिलेली लांबी त्याहून कमी असेल, तर व्ह्यू बांधूच नये.