तांबडा रस्सा आणि रेड वाइन

मराठी जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, या चर्चेत रविवारच्या मटणाबरोबर कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही भारदस्त, तुरट रेड वाइन घ्यावी, अशी सूचना आली आहे; ती सुक्या मटणापुरती मला पटते. झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर मात्र ती घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. द्राक्षांच्या साली-बियांतून येणारे टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतील प्रथिनांना बांधून घेते, म्हणून तोंड कोरडे पडते. मांसातील प्रथिने आणि चरबी हा तुरटपणा निवळवतात, पण मिरचीची आग मद्यार्काने अधिकच भडकते आणि मग रश्श्याचीही चव कळत नाही, वाइनचीही नाही. तिथे कमी टॅनिनची, फळाचा स्वाद पुढे असणारी नाशिकची झिनफँडेल ही रेड वाइन थोडी गार करून घ्यावी. रश्श्यात टोमॅटो भरपूर असेल, तर अकलूज परिसरात पिकणाऱ्या सांजोव्हेजे द्राक्षाच्या रेड वाइनचा अंगचा आंबटपणा त्याला छान पेलतो.

शाकाहारी पानाचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. शिराझ या रेड वाइनमधला मिरपुडीसारखा गंध रोटंडोन या घटकामुळे येतो आणि तोच घटक काळ्या मिरीतही असतो; त्यामुळे गोडा मसाला, दाण्याचे कूट आणि तेलाचा तवंग असलेल्या भरल्या वांग्यांबरोबर शिराझ अतिशय सुरेख लागते.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातील थंड घरांचा आहे. योग्य तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस असते, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली जेवणापूर्वी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी.